आपले सामान हेच आमचे ध्येय

मंगळवारी दुपारी 4 वाजता 38 हजार ग्राहकांना जाणाऱ्या मेलचा विषय होता, ‘आपले सामान हेच आमचे ध्येय’. मी लिहिलं होतं ‘समाधान’. वाटेत कुठेतरी ‘धा’ गळला आणि त्याची भरपाई म्हणून ‘स’ला काना फुटला. दरोडेखोरांनी सभ्यपणे आगाऊ कळवावं, तसं ते वाक्य झालं होतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा 3 वाजून 10 मिनिटं झाली होती. काम दोन अक्षरांचं.

मेल पाठवण्याचं सॉफ्टवेअर उघडलं. मेल दिसला, चूक दिसली, ‘एडिट’चं बटणही दिसलं, पण राखाडी. माझ्या नावाखाली आठवड्यापूर्वीपर्यंत ‘एडिटर’ असायचं, तिथे आता ‘व्ह्यूअर’ होतं. म्हणजे बघा, पण हात लावू नका. स्वतः लिहिलेल्या मजकुराकडे मी काचेबाहेरून बघत होतो.

आमचा ॲडमिन अतिशय विनम्र मुलगा आहे. त्याच्यावर ओरडता येत नाही, हाच त्याचा मुख्य दोष.

“सर, तुमची सीट काढलीय,” तो म्हणाला.

मी ज्या खुर्चीवर बसलो होतो तिच्याकडे नकळत पाहिलं.

“ती नाही सर. लायसन्सची सीट, म्हणजे सॉफ्टवेअरमधली एका माणसापुरती विकत घेतलेली जागा. तुम्ही 30 दिवसांत लॉगिन केलं नव्हतं ना, म्हणून तुम्ही निष्क्रिय यादीत आलात.”

“अरे, मी लिहितो दुसरीकडे. इथे फक्त शेवटी येऊन चिकटवतो.”

“तेच ना सर. लिहिताना दिसत नाही तुम्ही.” मग त्यानं अभिमानानं तक्ता उघडला. सगळ्यांत सक्रिय वापरकर्ता कोण, तर आमचे जुने मार्केटिंग मॅनेजर. ते चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेले. निरोपाच्या कार्डावर मीच चार ओळी लिहिल्या होत्या.

“ते तर गेले!”

“हो सर, पण ॲक्टिव्हिटी बघा. रात्री 2 वाजता, पहाटे 5 वाजता, रविवारीसुद्धा.” त्याच्या आवाजात आदर होता. हा माणूस कामावर असताना दुपारी 3 नंतर सापडत नसे.

“अरे बाबा, ते यंत्र आहे. सीआरएममधून, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवहीतून, नवे संपर्क त्यांच्या नावाच्या टोकननं, म्हणजे डिजिटल किल्लीनं, येतात. दर तासाला तेच टोकन दार वाजवतं.”

“असेल सर. पण सीट वापरात आहे.”

“मग त्यांना काढ आणि मला बसव.”

“त्यांना काढलं तर 11 ऑटोमेशन बंद पडतील. स्वागताचा मेलसुद्धा त्यांच्याच सहीनं जातो.”

“मग मालकी दुसऱ्याच्या नावावर कर.”

“त्याला मालकाची मंजुरी लागते, सर.”

“मालक कोण?”

तो थोडा संकोचला. “तेच.”

इथे जरा थांबून बोलतो, कारण राग अजून उतरलेला नाही. 1975 साली साल्टझर आणि श्रोडर या दोघांनी संगणकाच्या सुरक्षिततेवर एक निबंध लिहिला. त्यातलं एक तत्त्व असं, की प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच, कमीत कमी अधिकार द्यावेत. पुढे 1992 मध्ये फेरायोलो आणि कून यांनी माणसाऐवजी भूमिकेला अधिकार देण्याची रीतसर मांडणी केली. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या. आमच्या ऑफिसनं त्यातलं ‘कमीत कमी’ तेवढं उचललं आणि ‘कामापुरते’ तिथेच ठेवून दिलं. त्यामुळे ज्याला दोन अक्षरं बदलायची आहेत तो व्ह्यूअर, आणि जो निघून गेला त्याच्या खात्याला 38 हजार पत्ते एका टिचकीत एक्सपोर्ट करण्याची मुभा. हे मी विनोदानं सांगत नाही. त्या साहेबांनी मनात आणलं असतं तर आमचं सामान खरोखरच गेलं असतं.

बरं, या जगात जाणारा पूर्णपणे जातच नाही. सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर एकदा तयार केलेला वापरकर्ता पुसण्याची सोयच नाही, फक्त निष्क्रिय करता येतो. त्याच्या नोंदी मागे लटकत राहतात, म्हणून असेल. तिथे निदान निष्क्रिय माणूस सीट सोडतो तरी. आमच्याकडे निष्क्रिय मी होतो आणि सीटवर ते.

3 वाजून 35 मिनिटांनी ॲडमिनला सुचलं. “सर, व्ह्यूअरला कॉमेंट टाकता येते. तुम्ही दुरुस्ती सुचवा, मालकाला सूचना जाईल.”

“कोणत्या मालकाला?” असं विचारण्याची ताकद उरली नव्हती. टाकली कॉमेंट. अर्ध्या मिनिटात माझ्याच इनबॉक्समध्ये मेल आला: ‘एका व्ह्यूअरने दुरुस्ती सुचवली आहे. मंजूर करण्यासाठी लॉगिन करा.’ साहेब गेल्यावर त्यांचे मेल माझ्याकडे वळवले होते, हे मी विसरलोच होतो. म्हणजे त्यांची जबाबदारी माझ्याकडे आली होती, फक्त अधिकार वाटेत उतरले होते. लॉगिन केलं. ‘ही कृती करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. कृपया मालकाशी संपर्क साधा.’

“पासवर्ड बदलण्याची लिंक त्यांच्या मेलवर मागवू का?” मी विचारलं.

“सर!” तो इतका दुखावला, की मलाच चोरटेपणा वाटला. “दुसऱ्याच्या नावानं लॉगिन करणं नियमात बसत नाही.”

गेलेला माणूस रोज पहाटे 5 वाजता लॉगिन करतो, ते बसतं.

4 वाजता मेल गेला, साहेबांच्या सहीनं. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिलं उत्तर आलं: ‘न्यायला कधी येताय?’ संध्याकाळी ॲडमिन आनंदानं सांगत आला, की या वर्षातला सगळ्यांत जास्त उघडला गेलेला मेल हाच. “रिपोर्ट तुम्हाला बघता येईल सर. व्ह्यूअरला ती परवानगी आहे.”

दोन दिवसांनी मला सीट मिळाली. साहेबांची नव्हे, नवी विकत घेऊन. सीट वाढवायला एक टिचकी पुरते. कमी करायची असेल तर वार्षिक नूतनीकरणापर्यंत थांबा, असा करार आहे. तोवर आम्ही दोघंही राहणार, ते सक्रिय आणि मी संशयित.

मोबाइलवर दर 25 दिवसांनी वाजणारी आठवण लावून ठेवली आहे: ‘काम नसलं तरी लॉगिन करणे. कुठेतरी टिचकी मारणे.’