मेल सर्व्हर घेताना घ्यावयाची बेफिकिरी

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत आपले चाळीस माणसांचे कार्यालय असेल आणि ई-मेलसाठी स्वतःचा सर्व्हर घेण्याचे ठरले असेल, तर प्रथम तीन कोटेशने मागवावीत. ती तीन निरनिराळ्या लेटरहेडवर एकाच विक्रेत्याकडून आली तरी मनाला लावून घेऊ नये. फाइलला तीन कागद हवे होते, ते मिळाले.

मग प्रोसेसरकडे वळावे आणि तिथेच थांबावे. चाळीस जणांच्या पत्रव्यवहाराने प्रोसेसरला घाम फुटत नाही, खरा भार असंख्य लहान फायली सतत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या डिस्कवर पडतो, असे एखादा कनिष्ठ कर्मचारी सांगू लागला, तर त्याला चहा सांगायला पाठवावे. ‘३२ कोअर’ हे साहेबांना ऐकताक्षणी पटते.

डिस्क दोन घ्याव्यात, पण त्यांची जोडणी विचारपूर्वक करावी. ‘रेड १’ पद्धतीत एकच मजकूर दोन्ही डिस्कवर लिहिला जातो आणि एक गेली तरी दुसरी काम चालवते; मात्र ४ टेराबाइटचे पैसे मोजून २ टेराबाइट वापरायचे, हे लेखापालांच्या जिवाला लागेल. त्यापेक्षा ‘रेड ०’ घ्यावे. त्यात मजकूर दोन्हींवर वाटून लिहिला जात असल्याने पूर्ण जागा मिळते, शिवाय वेगही वाढतो. दोहोंपैकी कोणतीही एक बिघडली की दोन्हींवरचे सारे जाते, हे खरे. पण नावातच शून्य असल्यामुळे पुढे कोणाला फसवणुकीची तक्रार करता येत नाही. बॅकअप हवाच असेल, तर त्याच डिस्कवर ‘बॅकअप’ नावाचे फोल्डर उघडावे.

चुका पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी टाळावी. चुका दुरुस्त करण्यासाठी खर्च करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पॉवर सप्लाय मात्र आवर्जून दोन घ्यावेत आणि दोन्हींच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचाव्यात.

उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एसी साहेबांच्या केबिनमध्येच असावा. सर्व्हर जिन्याखाली, जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यांमध्ये उबेत राहील.

डिस्क किती भरली हे सांगणारी यंत्रणा बसवण्याच्याही फंदात पडू नये. गोदावरीच्या पुराचा अंदाज नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले ते पाहून घेतात. आपण पत्रे येईनाशी झाली, की पाणी डोक्यावरून गेले असे समजावे.

आणि सर्व्हर बंद पडलाच, तर घाबरू नये. पाठवणाऱ्याचा सर्व्हर साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे नवी पत्रे लगेच हरवत नाहीत. तेवढ्यात विक्रेत्याला बोलावून डिस्क वॉरंटीत बदलून घ्यावी. तो बिल मागेल. ते त्याने ई-मेलनेच पाठवले होते.