‘दिवसाला दोनच तर ओढतो!’

‘मी कुठे पाकीट संपवतो? सकाळी चहाबरोबर एक, रात्री जेवल्यावर एक.’ सिगारेटचा विषय निघाला की मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती असं म्हणणाऱ्यांची. पाकीट संपवणाऱ्याला आपण काय करतोय याची कल्पना तरी असते. दोन ओढणारा स्वतःला ओढणाऱ्यांत धरतच नाही. डॉक्टरांनी विचारलं की ‘छे, तसं काही नाही’ म्हणून मोकळा होतो, आणि केसपेपरवर ती गोष्ट येतच नाही.

हृदयाचा हिशेब त्रैराशिकाने चालत नाही. वीस सिगारेटींनी अमुक धोका, तर एकीने त्याचा विसावा भाग, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ अभ्यासांचा एकत्रित हिशेब छापून आला. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा पुरुषांत सुमारे ४८ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के जास्त निघाला. वीस ओढणाऱ्यांच्या जादा धोक्याशी ताडून पाहिलं, तर पुरुषांत तो जवळजवळ निम्मा भरतो. पुरुष विसाच्या एकवर आला, तरी हृदयापुरती जवळजवळ अर्धी जादा जोखीम तशीच राहते.

असं का होतं, तर रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडायला आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स चिकट व्हायला फार धूर लागत नाही. थोडक्या धुरातच बरंचसं नुकसान होऊन जातं, पुढच्या सिगारेटी त्यात थोडी थोडी भर घालतात. दुसऱ्याचा धूर रोज घेणाऱ्या, स्वतः कधीही न ओढलेल्या माणसाचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्के वाढतो तो याचमुळे. त्यातच धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरून बसतो, आणि त्याच वेळी निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं. हृदयाला प्राणवायू जास्त हवा असतो नेमका तेव्हाच रक्तात तो कमी असतो. एखादी धमनी आधीच अरुंद झाली असेल, तर अडचण यायला सिगारेटची ही पाच मिनिटं पुरतात.

फुप्फुसाच्या कर्करोगाचं गणित वेगळं. तिथे रोज किती ओढता यापेक्षा किती वर्षं ओढता याला जास्त वजन आहे. म्हणून ‘कमी ओढतो, पण पंचवीस वर्षं झाली’ हे ऐकून मला दिलासा मिळत नाही.

श्वासाचं नुकसान तर गुपचूप होतं. तिशीनंतर प्रत्येकाची फुंकर थोडी थोडी कमी होतच असते. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते, ती निरोगी माणसात दरवर्षी २५-३० मिलिलिटरने घटते. सिगारेट ज्यांना बाधते त्यांच्यात हीच घट दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. वर्षाला ६० धरले तर पंचवीस वर्षांत दीड लिटर गेले. सुरुवातीला हातात साडेतीन-चार लिटर असतात, त्यामुळे धाप लागेपर्यंत काही कळतच नाही. आणि सोडल्यावर घट पुन्हा नेहमीच्या गतीवर येते, पण गेलेलं परत मिळत नाही. ‘एक्स-रे क्लीन आला’ यावर विसंबू नका. सुरुवातीचा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. चाळिशी ओलांडलेल्या, दहा-पंधरा वर्षं ओढलेल्या आणि सकाळी खोकून बेडका काढणाऱ्या माणसाने स्पायरोमेट्री करून घ्यावी. नळीत जोरात फुंकायचं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. औषधाचा पफ घेतल्यानंतरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण फुंकरीच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर श्वासनळ्यांत अडथळा आहे.

‘लाइट’ किंवा बारीक सिगारेट घेतली की कमी बाधते, ही समजूत तर मुळातच खोटी. फिल्टरभोवती बारीक भोकांची एक रांग असते. धूर मोजणारं यंत्र सिगारेट ओढतं तेव्हा त्यातून बाहेरची हवा शिरते आणि टार, म्हणजे धुरातला डांबरासारखा चिकट भाग, कमी दिसतं. माणसाचे ओठ आणि बोटं तीच भोकं झाकतात. शिवाय निकोटिन कमी पडलं की मेंदू ते वसूल करतो. झुरका लांब होतो, खोल जातो, सिगारेट पार थोटकापर्यंत ओढली जाते. दहाच्या पाचवर आणणाऱ्यांचंही हेच होतं. आकडा अर्धा झाला तरी आत जाणारा धूर अर्धा झालेला नसतो.

आणि बिडी ओढणाऱ्याने यातून स्वतःला वगळू नये. भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे दहा वर्षांनी, बिडी ओढणाऱ्यांचं सहा वर्षांनी कमी भरलं. ओढणाऱ्यांत टीबीने मरण्याचं प्रमाणही दुपटीहून जास्त होतं. टीबी अजून आपल्या गल्लीतला आजार आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला इतर अनेक देशांपेक्षा जास्त लागू आहे.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्टी सिगारेट विकायला बंदी आहे, तरी टपरीवर ती सर्रास मिळते. मला याचा फार राग येतो. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापायचा कायदा केला, तिथेच मदतीचा नंबरही छापला, आणि सुट्टी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. दोन ओढणाऱ्यांची सवय या सुट्टीवरच टिकून आहे.

आता सोडण्याबद्दल. रोज दोनवर असलेल्याला बहुतेक वेळा औषध लागत नाही. त्याची गाठ चहाच्या वेळेशी आणि टपरीशी बांधलेली असते. महिनाभर चहाची जागा आणि सोबत बदलावी. तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात आणि तोंड कशात तरी गुंतवावं.

पाकिटावर असलेल्यांनी निकोटिन गम जरूर वापरावा, पण नीट. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. सावकाश दहा-पंधरा वेळा चावायचा, तोंडात झिणझिण किंवा तिखट लागलं की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. झिणझिण गेली की पुन्हा थोडा चावायचा. असा अर्धा तास. च्युइंगगमसारखा कचाकचा चावला तर निकोटिन पोटात जातं, मग उचकी, मळमळ आणि तलफ मात्र तशीच. ‘गमने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकलेलं असतं. दुसरी चूक चहाची. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूपाणी नको. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही. सुरुवातीला दिवसाला आठ ते बारा गम लागू शकतात. घाबरून दोन-तीनवर भागवू नका. बारा आठवड्यांत हळूहळू कमी करत आणा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. सिगारेट सुटली की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीने अंगात कॅफिन जवळजवळ दुप्पट साठतं. हात थरथरणं, छातीत धडधड, रात्री झोप नाही. माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्याचा त्रास. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन घेत असाल तर याच कारणाने त्यांचीही पातळी वाढते, म्हणून सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस तपासून घ्या. पस्तिशीपुढच्या बाईंना इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी लिहून देतानाही सिगारेटची माहिती लागते. केसपेपरवर ‘दोन’ हा आकडा यायला हवा तो यासाठी.

चिडचिड पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते, तीन-चार आठवड्यांत उतरते. खोकला काही दिवस वाढतो, कारण श्वासनलिकेतले झोपलेले केस पुन्हा कफ वर ढकलू लागतात. त्याला घाबरून पुन्हा पेटवू नका. एखादी ओढली गेलीच, तर त्या दिवशी गम बंद करू नका आणि ‘आता सोमवारपासून’ असंही म्हणू नका. पुढची तेवढी टाळा. पाकिटावरचा नंबर १८००-११-२३५६ आहे. फोन फुकट आहे, आणि सुट्टी घेणाऱ्यांनी तो इथून उतरवून घ्यावा.