प्लाझ्माने शंभरात पंच्याऐंशी वाचले? मग न घेतलेले किती वाचले?

मावशीकडून काल पुन्हा तोच मजकूर आला: ‘कोविडमध्ये प्लाझ्मा दिलेले शंभरातले पंच्याऐंशी रुग्ण बरे झाले, डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं. रुग्णाचं तोंडही न पाहिलेल्या आकडेवाल्यांनी चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना उपचार नाकारला, हवे तसे आकडे फिरवले आणि प्लाझ्मा बंद पाडला.’ शेवटी सल्ला: औषधाच्या कुठल्याही चाचणीसाठी सही करू नका. या सल्ल्यामुळेच गप्प बसवत नाही.

प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग. कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्मात विषाणूशी लढणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं असतात; ती रुग्णाला उपयोगी पडतील अशी आशा होती. पंच्याऐंशीचा आकडा खोटा नाही, अर्धा आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची ‘प्लॅसिड’ ही प्लाझ्माची चाचणी २०२० मध्ये देशभरातल्या ३९ रुग्णालयांत झाली. त्यात मध्यम आजारी असे ४६४ रुग्ण होते. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्माच्या २०० मिलीच्या दोन पिशव्या, २४ तासांच्या अंतराने दिल्या. २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांत पहिल्या गटातले ३४ दगावले, दुसऱ्यातले ३१. म्हणजे दोन्हीकडे शंभरातले ८५-८६ वाचले. मजकुरात दुसरा गट आहेच कुठे?

‘डोळ्यांनी पाहिलं’ यावर जरा थांबू, कारण फसगत इथेच होते. प्लाझ्मासाठी दाता शोधायचा, रक्तगट जुळवायचा, रक्तपेढीत खेटे घालायचे. यात सहज दोन-तीन दिवस जात. समजा २०० रुग्ण दाखल झाले. पहिल्या तीन दिवसांत २० गेले. उरलेल्या १८० पैकी निम्म्यांना, म्हणजे ९० जणांना, चौथ्या दिवशी पिशवी मिळाली. आता पिशवीत नुसतं सलाइन आहे असं धरा. पुढे दोन्ही नव्वदांतले नऊ-नऊ दगावले. पिशवी मिळालेल्यांत मृत्यू १० टक्के. न मिळालेल्यांत ११० पैकी २९, म्हणजे २६ टक्के! सलाइनने माणसं वाचवली असं दिसेल. प्रत्यक्षात जे तीन दिवस तगले तेच पिशवीपर्यंत पोहोचले. वॉर्डात उभ्या असलेल्या डॉक्टरला हा फरक डोळ्यांनी दिसू शकत नाही. म्हणून तर सुरुवातीलाच चिठ्ठी टाकून गट पाडायचे आणि ज्याच्या नावावर जो गट निघाला त्याची मोजणी शेवटपर्यंत त्याच गटात करायची. पिशवी मिळण्याआधी रुग्ण गेला तरीसुद्धा.

एक गोष्ट कबूल करतो. प्लॅसिडमध्ये सातव्या दिवशी प्लाझ्मा गटातल्या जास्त रुग्णांची धाप कमी झाली होती, आणि अनेक पिशव्यांत प्रतिपिंडं कमीच होती. पण आपल्याला काय दिलंय हे रुग्णाला ठाऊक होतं, आणि धाप किती लागते हे तोच सांगणार. प्रतिपिंडांची शंका ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने फेडली: भरपूर प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा, ११,५५८ रुग्ण, आणि दोन्ही गटांत मृत्यू २४ टक्के. त्यानंतर मे २०२१ मध्ये आपल्याकडेही प्लाझ्मा मार्गदर्शक सूचनांतून वगळला.

‘आकडे फिरवले’ म्हणे. काय मोजायचं, किती दिवसांनी मोजायचं, किती रुग्ण लागतील, हे पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावं लागतं. ती नोंद कोणीही उघडून पाहू शकतो. प्लॅसिडचा मुख्य निकष होता आजार गंभीर होणं किंवा मृत्यू: प्लाझ्मा गटात असे ४४ रुग्ण, दुसऱ्यात ४१. फिरवायचेच असते तर धापेचा आकडा मथळ्यात टाकला असता.

आता चिठ्ठीने उपचार नाकारल्याचा आरोप. दुसऱ्या गटाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्या वेळचे सगळे प्रचलित उपचार त्यांना मिळत होते. प्लाझ्मा उपयोगी आहे की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि परक्याच्या रक्तातला घटक शरीरात घालताना ॲलर्जी किंवा फुप्फुसांना इजा होण्याचा धोका असतोच. शिवाय चाचणी चालू असताना स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे तपासते. रिकव्हरीत जानेवारी २०२१ मध्ये अशाच समितीच्या सांगण्यावरून प्लाझ्मासाठी नवे रुग्ण घेणं थांबवलं.

मावशी, संमतीपत्र समोर आलं तर दोन प्रश्न नक्की विचार: दुसऱ्या गटाला नेमकं काय मिळणार, आणि इजा झाली तर खर्च कोण करणार? सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुझे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.