‘कापलेले कापड परत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण राग बिनबुडाचा नाही. गोधडीचे कापड ऑनलाइन घेण्याबद्दलच्या लेखात ‘कापलेले कापड परत नाही ही अट ग्राहकावर बंधनकारक नाही’ असे एक वाक्य होते. त्यावर तुमचे म्हणणे थोडक्यात असे : तुम्ही घरूनच कॅम्ब्रिक (घट्ट विणीचे तलम सुती कापड) आणि ब्लॉकप्रिंट विकता, मीटरमागे हाती फार काही उरत नाही. गिऱ्हाईक कापड धुऊन मग मोजते आणि ‘अडीच मीटरला चार इंच कमी’ म्हणून पैसे मागते. हाताच्या छपाईत ठसा जरा हलला की ‘डिफेक्ट’ म्हणते. आणि असले लेख वाचून लोक आणखी शेफारतात.

वाक्य सरसकट होते, ते बदलले आहे. पण उलट टोकालाही जाता येणार नाही, कारण त्या अटीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंडाळल्या जातात. ‘रंग मनासारखा वाटला नाही’, ‘बेत बदलला’, ‘जास्त मागवले गेले’ यासाठी तागा कापून दिलेले कापड परत घेण्याची सक्ती कोणताही नियम करत नाही. तिथे तुमची अट शंभर टक्के योग्य. मात्र माप कमी, वर्णनात सुती आणि हातात मिश्र, किंवा मधोमध भोक असेल तर ती अट लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष किंवा जाहिरातीत लिहिल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. नेहमीचा धंदा म्हणून इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर विकले तरी हेच. वेबसाइट असेल तर तिथे तक्रार अधिकाऱ्याचे नाव लागते, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल. कायद्याचे एवढेच पुरे. सातशे रुपयांच्या कापडासाठी कोणी ग्राहक आयोगाची पायरी चढत नाही, फार तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करते.

खरे भांडण मापाचे असते. तुमचे ‘चार इंच’च घ्या. अडीच मीटर म्हणजे ९८.४ इंच. न धुतलेले सुती कॅम्ब्रिक पहिल्या पाण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटते, विरळ विणीचे हातमागाचे त्याहून जास्त. चार टक्के धरले तर ९८.४ चे ९४.५ इंच होतात. म्हणजे चार इंच तुम्ही कमी दिलेले नाहीत, ते बादलीत गेले. अशा तक्रारीला पैसे देऊ नका, हे मान्य. पण वर्णनात ‘न धुतलेले, चार-पाच टक्के आटेल’ एवढी एक ओळ असती, तर तो फोन आलाच नसता.

गिऱ्हाइकांसाठी, कारण तीही हे वाचतात : कापड हातात आले की पाण्यात घालायच्या आधी आणि कात्री लावायच्या आधी मोजा. टेबलावर सपाट पसरा, घडीची चूण इस्त्रीने काढा, ताणू नका. लांबी तीन ठिकाणी घ्या : दोन्ही काठांजवळ आणि मध्ये. तिन्ही मापे वेगळी आली तर टोक तिरपे कापले गेले आहे. ते किती, हे बघायला टोकाचा एक आडवा धागा ओढून काढा. काठापासून काठापर्यंत जी रेघ उमटते ती खरी सरळ रेघ. दोन्ही टोकांच्या रेघांमधले अंतर हेच तुमच्या कामाचे माप. मीटरभर कापडात टोक दोन इंच तिरपे असेल तर ३९ इंचांतून ३७ च उरतात. मीटर भरला असे विक्रेता म्हणतो, कमी आले असे गिऱ्हाईक म्हणते, आणि दोघांचा टेप बरोबर असतो. म्हणून कापताना दर तुकड्याला दोन इंच वर सोडणे विक्रेत्याच्याच फायद्याचे.

पन्ह्याचे, म्हणजे कापडाच्या रुंदीचेही असेच. ४४ इंच पन्हा म्हणजे काठासकट ४४. गिरणीच्या कापडाच्या काठाशी बारीक भोकांची एक रांग दिसते. ती फिनिशिंगच्या वेळी कापड ज्या टाचण्यांवर ताणून धरतात त्यांची असते, तो दोष नव्हे. पण ती पट्टी गोधडीत घेता येत नाही. दोन्ही बाजूंचे मिळून इंच-दोन इंच सोडून उरतील तेच वापराचे. वर्णनात ‘पन्हा ४४, वापराचा ४२’ असे लिहा, ताई. अडीच इंचांच्या पट्ट्या कापणाऱ्या बाईला ४२ आणि ४४ यांतला फरक एका चौकोनाएवढा पडतो.

आता ज्या तक्रारीत गिऱ्हाईक बरोबर असते आणि विक्रेता ‘माप पूर्ण आहे’ म्हणून हात झटकतो, ती : तुकड्यांत आलेले कापड. गोधडी ६० बाय ९० इंच असेल तर अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच मोठे, म्हणजे ६८ बाय ९८ लागते. ४४ च्या पन्ह्यात ६८ बसत नाही, म्हणून ९८ इंचांच्या दोन लांब्या जोडायच्या. होतात १९६ इंच, आटण्यासकट २०४, म्हणजे सव्वापाच मीटर. बाईने सव्वापाच मागवले. दुकानातला तागा तीन मीटरवर संपला, म्हणून उरलेले सव्वादोन दुसऱ्या ताग्यातून कापले आणि दोन्ही घड्या एकावर एक ठेवून पाठवल्या. बेरीज अचूक. पण सव्वादोन मीटर म्हणजे ८८.६ इंच, धुतल्यावर ८५. त्यातून ९८ ची लांबी निघत नाही, तेरा इंचांचा तुकडा जोडावा लागतो. शिवाय दोन तागे वेगळ्या लॉटचे असले तर धुतल्यावर छटेतला फरक उघडा पडतो. वजन तेच, पैसे तेच, पण कामासाठी माल अर्धाच. इथे ‘पूर्ण मीटर दिलेत ना’ हे उत्तर नव्हे. कापायच्या आधी एक फोन केला असता तर बाईने दुसरा प्रिंट घेतला असता. आणि मागणारीनेही ऑर्डरमध्ये ‘सलग’ हा शब्द लिहायला हवा. ‘सव्वापाच मीटर सलग, अस्तरासाठी, तुकडे चालणार नाहीत’ : एवढ्याने अर्धे वाद मिटतात.

ब्लॉकप्रिंटच्या मुद्द्यावर मी जवळजवळ पूर्ण तुमच्या बाजूने आहे. बगरू, सांगानेर किंवा अजरखचे कापड हाताने ठसे मारून छापतात; दोन ठशांच्या सांध्यावर थोडी फट, थोडा चढ, कुठे रंग दाट कुठे फिका, हे असणारच. ज्यांना ते नको त्यांनी गिरणीचा प्रिंट घ्यावा. मात्र उलट फसवणूकही होते, ‘हँडब्लॉक’ म्हणून स्क्रीनप्रिंट पाठवतात. ती ओळखायला एक चूक शोधा. एखाद्या पानाची कड तुटलेली किंवा एखादा ठिपका भरलेला दिसला, की पुढच्या आवर्तनांत तीच जागा पाहा. नक्षी, शेजारच्या नक्षीपासूनचे अंतर आणि रंगाचा दाटपणा तीन-चार आवर्तनांत काडीइतकाही बदलत नसेल, तर ते हाताचे काम नाही. नुसती तुटलेली कड पुन्हा दिसणे हा पुरावा नव्हे. लाकडी ठसाच तुटका असेल तर तीही दर वेळी उमटते.

रंग जाण्याच्या तक्रारीत मात्र दोघांचीही गल्लत होते. धुऊन पाहिले तर ‘वापरलेले कापड’ म्हणून परत घेत नाहीत, न धुता कळत नाही. मधला मार्ग आहे : पांढरा रुमाल ओला करून पिळून घ्या आणि काठाजवळ दहा वेळा घासा. मग दुसऱ्या कोरड्या रुमालाने दहा वेळा. निळीचे आणि गडद काळे, लाल कापड ओल्या रुमालावर थोडा रंग देणारच. वर्णनात तसे लिहिलेले असेल तर तक्रार चालणार नाही. पण वर ‘पक्का रंग’ लिहिले आहे आणि कोरड्या रुमालावरही ठसठशीत डाग येतो, तेव्हा फोटो काढून लगेच कळवा. पांढऱ्या चौकोनाशेजारी ते कापड शिवायच्या आधी हे कळणे किती महत्त्वाचे, ते गोधडी करणारीला सांगायला नको.

सुती की मिश्र, हेही कात्री न लावता समजते. कापलेल्या कडेच्या दशा निघतातच. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या वेगवेगळ्या चार-चार दशा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राखाडी राख होते. पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि टणक मणी उरतो. दोन्ही दिसले तर मिश्र. बिलावर एचएसएन क्रमांक (करासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) असेल तर तोही बघा : ५२०८ म्हणजे निदान ८५ टक्के सूत आणि चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंतचे कापड. ५२१० किंवा ५५१३ असेल तर विक्रेत्याने स्वतःच मिश्र असल्याचे लिहून दिले आहे, मग वर्णनात काहीही असो. जीएसएमसाठी, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम हे बघायला, तुकडा कापायचीही गरज नाही. अख्खी घडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. ५ मीटर गुणिले १.१२ मीटर पन्हा म्हणजे ५.६ चौरस मीटर. वजन ५०४ ग्रॅम भरले तर जीएसएम ९०. फक्त खळ असलेले कापड धुतल्यावर हलके होते, हे ध्यानात असू द्या.

तक्रार कशी लिहावी यावरही तुम्ही चिमटा काढला आहे की ‘लोक फक्त तीन रडक्या इमोजी पाठवतात’. खरे आहे. म्हणून एक नमुना : ‘ऑर्डर क्रमांक अमुक. काल पार्सल मिळाले. मागवले सव्वापाच मीटर सलग, आले ३ मीटर आणि २.२५ मीटर असे दोन तुकडे. कापड धुतलेले नाही, कापलेले नाही. सोबत तीन फोटो : पार्सलवरचे लेबल, टेपसह दोन्ही लांब्या, दोन्ही तुकड्यांच्या छटा शेजारी शेजारी. सव्वापाच सलग पाठवता येईल का? नसल्यास दोन्ही तुकडे परत घेऊन पूर्ण पैसे द्यावेत.’ यात रागाचा शब्द नाही आणि विक्रेत्याला विचारायला प्रश्नही उरत नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रारच घेणार नाही, ही अट बरेच विक्रेते घालतात. ई-कॉमर्स नियमांत ती नाही. तरी टेप आणि लेबल एकाच चौकटीत दिसेल असा फोटो काढायला मिनिट लागते, तो काढा.

परतीच्या कुरिअरबद्दल तुमचे गणित बरोबर आहे. दीडशेच्या कापडासाठी नव्वद रुपयांचे कुरिअर दोन्ही बाजूंनी, यात कोणाचेच भले नाही. छोट्या तुकड्यात माप दहा सेंटीमीटर कमी आले तर तेवढ्या मापाचे पैसे परत द्या आणि कापड तिच्याकडेच राहू द्या. चौकोन कापणारीला तेवढे चालते. फक्त ‘पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करू’ म्हणू नका. चूक तुमची असेल तर तिने पुन्हा तुमच्याकडेच खरेदी करावी ही सक्ती कशाला? अस्तराचे सलग कापड तुकड्यांत गेले असेल तर मात्र थोडे पैसे परत देऊन भागत नाही. ते बदलून द्यावे लागते, नाहीतर परत घेऊन पूर्ण पैसे, कुरिअर तुमच्या खर्चाने.

फोटोतला रंग आणि प्रत्यक्षातला रंग यावरचा वाद मला तितका मोठा वाटत नाही. दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढला की बराच मिटतो. त्याहून जास्त निराशा नक्षीच्या आकाराने होते आणि तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. फोटोत बोटभर दिसणारे फूल प्रत्यक्षात तीन इंचांचे निघते आणि अडीच इंचांच्या चौकोनात त्याची एक पाकळी उरते. फोटोत पट्टी किंवा टेप ठेवा.

शेवटी तुमचा प्रश्न, ‘पाव मीटर मागवून फॅट क्वार्टर का नाही म्हणून भांडतात, त्यांना काय सांगू?’ दोन्हींचे क्षेत्रफळ साधारण सारखेच, आकार वेगळा. पाव मीटर सरळ कापला तर २५ सेंटीमीटर बाय पूर्ण पन्हा, म्हणजे साधारण १० बाय ४४ इंचांची लांब पट्टी मिळते. फॅट क्वार्टर अर्धा वार कापून मधोमध दुभागलेला असतो, १८ बाय २२ इंच. आपल्याकडे तो ५० बाय ५५ सेंटीमीटरही देतात. बारा इंचांचा चौकोन लांब पट्टीतून निघत नाही, फॅट क्वार्टरमधून एक निघतो. तेव्हा ‘पाव मीटर’ या शब्दापुढे कंसात दोन्ही बाजूंची मापे लिहा, इंचांतही आणि सेंटीमीटरमध्येही.