पॉप्लरची घरं कोणासाठी?

दर शनिवारी सकाळी पिशवी घेऊन क्रिस्प स्ट्रीटच्या बाजारात जाते. पूर्व लंडनमधलं पॉप्लर. स्टीलच्या वाडग्यांत भेंडी, कारली रचून ठेवलेली असतात, वाडग्याचा भाव. भाजीवाले काका बांगलादेशातल्या सिल्हेटचे. "आज भेंडी नको घेऊस, जून आहे," असं स्वतःच सांगतात. मागे घड्याळाचा मनोरा, आणि पलीकडे कॅनरी वॉर्फच्या, म्हणजे बँका-कंपन्यांच्या, काचेच्या इमारती. माझी नोकरी तिथलीच, त्यामुळे हे लिहिताना जीव थोडा अडकतो.

हा गोदी कामगारांचा भाग. बोट लागली तर मजुरी, नाही तर चूल थंड. आपल्या रत्नागिरीचे आणि गोव्याचे खलाशीही लंडनच्या गोद्यांमध्ये यायचे. १९२१ मध्ये इथल्या नगरसेवकांनी सरळ बंड केलं. बेकारी प्रचंड, आणि गरिबांना द्यायच्या मदतीचा खर्चही इथल्याच गरिबांच्या करातून! म्हणून त्यांनी सगळ्या लंडनचा कारभार बघणाऱ्या लंडन कौंटी कौन्सिलचा वाटा भरायला नकार दिला. बंडाचे नेते जॉर्ज लान्सबरी यांच्यासह ३० जण तुरुंगात गेले, पण हटले नाहीत. शेवटी त्यांना सोडावं लागलं आणि श्रीमंत वस्त्यांनीही भार उचलावा असा कायदा झाला. लान्सबरींची सून मिनी, तीसुद्धा तुरुंगात होती. सुटून आली आणि १ जानेवारी १९२२ ला गेली. वय फक्त ३२. तिच्या नावाचं घड्याळ बो रोडवर आहे, तिथून जाताना माझी मान आपोआप वर होते.

मग ७ सप्टेंबर १९४०. जर्मन बॉम्ब गोद्यांवर पडले, तसेच कामगारांच्या घरांवरही.

युद्धानंतर इथे उभी राहिली ती लान्सबरी इस्टेट. १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या राष्ट्रीय महोत्सवात हीच वस्ती प्रदर्शन म्हणून दाखवली गेली. पिवळसर विटा, वेल्सच्या पाटीच्या दगडाची छपरं, बेताची उंची. घरांबरोबरच शाळा, चर्च, म्हाताऱ्यांसाठी निवास. जुना रस्त्यावरचा बाजार वास्तुविशारद फ्रेडरिक गिबर्ड यांनी गाड्या येणार नाहीत अशा चौकात आणला आणि दुकानांच्या वर घरं दिली. तेव्हाच्या बऱ्याच वास्तुतज्ज्ञांना हे बेचव वाटलं होतं. मला विचाराल तर ह्या भागातलं सगळ्यात शहाणपणाचं बांधकाम हेच. सत्तर वर्षं उलटली, माणसं बदलली, तरी बाजार भरतोच आहे.

जवळच बाल्फ्रन टॉवर आहे, २६ मजली, १९६७ चा. तोही सरकारी भाड्याच्या घरांसाठीच बांधलेला. नूतनीकरण झालं आणि फ्लॅट खुल्या बाजारात विकायला निघाले. इमारत वाचली. भाडेकरू कुठे गेले?

मी मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढले. त्याही पहिल्या महायुद्धानंतरच्या, सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या. आता त्यांचा पुनर्विकास होतोय. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळणार म्हणून आई खूश आहे, आणि तिचा तो हक्कच आहे. पण फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, "मेंटेनन्स किती येईल गं?" मला तिच्या ह्या प्रश्नात सगळा पुनर्विकास दिसतो.

क्रिस्प स्ट्रीटच्या पुनर्विकासालाही २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आहे. रंगीत चित्रं खूप बघून झाली. पुढची सभा लागली की मी जाणार आहे आणि आईच्याच शब्दांत विचारणार आहे: महिन्याला किती येईल, आणि तेवढ्यात आमचे भाजीवाले काका इथे राहू शकतील का?