"इतकी वर्षं काही झालं का?" हे मला परत ऐकवू नका

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होईल, पण वाचा.

आतेभावाने जुन्या घरातलं बाथरूम नवीन करून घेतलं, ते बघायला गेले होते. टाईल्स सुंदर, शॉवर नवा, गीझर नवाकोरा. मी विचारलं, दादा, अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर, तपासून घेतलंस का रे? तर म्हणाला, "अगं घर चाळीस वर्षांचं आहे, इतकी वर्षं काही झालं का?" इलेक्ट्रिशियन तिथेच होता, त्याने मला पटावं म्हणून गीझरचं सॉकेट उघडून दाखवलं. आत न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवरून, बोटभर वायरचा तुकडा काढून अर्थच्या पॉइंटला जोडलेला. "मॅडम, मीटर लावून बघा, बरोबर दाखवतो." अरे दाखवणारच ना! न्यूट्रललाच अर्थ म्हटल्यावर मीटर बिचारा काय वेगळं दाखवणार? पण उद्या मागे कुठे जुन्या जॉइंटमध्ये ती न्यूट्रल वायर सुटली तर फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तिचा करंट एलिमेंटमधून (पाणी तापवणाऱ्या नळीतून) फिरून त्याच तुकड्यावाटे थेट गीझरच्या बॉडीवर येईल, 230 व्होल्ट, आणि बॉडीला पाईप, पाईपला नळ, आणि नळाला आपला ओला हात. याला अर्थिंग म्हणायचं?

मी तिथे आवाज चढवला. वहिनीला वाईट वाटलं असेल, तिची माफी मागते. पण मला त्या क्षणी आईचं फडकं दिसत होतं.

आमच्याही जुन्या घरात आई वर्षभर सांगत होती, नळाला हात लावला की मुंग्या येतात. आम्ही काय म्हटलं? वय झालं, वात असेल, बी ट्वेल्व्ह कमी असेल. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आईने सांगणंच बंद केलं आणि नळाशेजारच्या खुंटीला एक कोरडं फडकं लावलं. ते गुंडाळून नळ सोडायचा, ते गुंडाळूनच बंद करायचा. आम्ही सगळे त्याच बाथरूममध्ये आंघोळी करत होतो, फडकं रोज दिसत होतं, एकानेही विचारलं नाही की हे इथे कशाला.

पंखा बसवायला एक वयस्कर वायरमन आले होते, त्यांना आई सहज बोलून गेली. ते हातातलं काम टाकून आत गेले, नळाला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. नुसता टेस्टर पेटल्यावर सगळं कळत नाही, म्हणून त्यांनी मीटर लावला, मग गीझर उघडला. एलिमेंटच्या नळीला चीर गेलेली. आणि अर्थची वायर? ती कुणीतरी पूर्वी पाण्याच्या लोखंडी पाईपला पट्टीने आवळून दिली होती. तेव्हा पाईप जमिनीत जात होता, म्हणून चालून गेलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही खालचा पाईप बदलून प्लास्टिकचा टाकला, आणि त्याच दिवशी घराचं अर्थिंग गेलं. कुणाला पत्ता नाही! प्लंबरला वायरीशी देणंघेणं नाही, वायरमनला पाईपशी नाही. भिंतीतला उरलेला लोखंडी पाईप तसाच अधांतरी, गीझरचा करंट घेऊन बसलेला. आई रबरी चपला घालून जायची म्हणून फक्त मुंग्या आल्या. ज्या दिवशी ती अनवाणी, ओल्या फरशीवर... जाऊ दे, मला ते लिहवत नाही.

लोक म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहे. अहो, करंट फार वाढला की आपोआप पडणारा तो स्विच वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपची एमसीबी करंट 16 अँपच्या वर गेल्याशिवाय हलणार नाही, आणि माणसाच्या छातीतून 30 मिलिअँपच्या (मिलिअँप म्हणजे अँपचा हजारावा भाग) वर करंट थोडा वेळ जरी गेला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाचशे पटींहून जास्त फरक आहे! माणसासाठी असतं ते आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला करंट यात 30 मिलिअँपचा फरक पडला की ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत लाईन तोडतं. दादा म्हणाला, ते उगीच ट्रिप होतं, मध्येच फ्रीज बंद पडतो. होतं, मान्य. जुन्या वायरिंगमध्ये जास्तच होतं. पण ते ट्रिप होतंय म्हणजे कुठेतरी करंट गळतोय ना? गळती शोधायची सोडून आरसीसीबीच काढून टाकायचं?

आणि अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी चालतं, हेही खरं. पण मग गळती त्याला कधी कळणार? कुणीतरी हात लावेल, करंट त्या अंगातून जाईल, तेव्हा. अर्थिंग धड असेल तर हात लागायच्या आधीच लाईन जाते. म्हणून दोन्ही हवं. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा, मात्र त्याने फक्त ते यंत्र चालतंय एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. त्याला माणूसच बोलवावा लागतो, अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्यापासून सॉकेटपर्यंत वायर तुटलेली नाही ना हे बघणारा. सॉकेटला तीन भोकं दिसली म्हणजे तिसऱ्याच्या मागे वायर असतेच असं नाही, आमच्या हॉलमधल्या दोन सॉकेटच्या मागे काहीच नव्हतं.

खर्च होतो, भिंती फोडाव्या लागतात, भाड्याच्या घरात मालक ऐकत नाही, सगळं मान्य. पण टाईल्स लावताना भिंत फोडलीच होती ना रे!

लिहिता लिहिता राग जरा उतरला. दादाचा तरी काय दोष, आम्हीही तेच केलं होतं. आमच्याकडे सगळं दुरुस्त झाल्यावर आईने नळाला आधी बोटाची मागची बाजू लावून बघितली, मग दोन बोटं, मग नळ सोडला. फडकं पुढे महिनाभर खुंटीला तसंच होतं. मी काढायला गेले तर म्हणाली, राहू दे गं अजून थोडे दिवस.

दादा, तू हे वाचतोयस माहितीये. उद्याच्या उद्या चांगला माणूस बोलावून तो तुकडा काढून घे. तोपर्यंत गीझरचा प्लग काढून ठेव, पाणी गॅसवर तापवा. आणि वहिनीला एकदा नीट विचार, नळाला हात लावल्यावर तिला काही जाणवतं का.