‘बायबॅक आला म्हणजे तळ आला’: या निरोपाला माझे उत्तर

सेन्सेक्स लागोपाठ दोन दिवस हजार-हजार अंकांनी घसरला की आम्हा म्हापशाच्या शेअरवाल्यांत एक निरोप हमखास फिरतो. फोंड्याहून येतो, मडगावहून येतो, सावंतवाडीच्या पाहुण्यांकडूनही येतो. विषय बायबॅकचा, म्हणजे कंपनीने आपलेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेण्याचा. मजकूर साधारण असा: “पडझडीत जी कंपनी बायबॅक जाहीर करते तिचा तळ आला समजा, आतल्या माणसांना खरी किंमत ठाऊक असते. शेअर कमी झाले की प्रतिशेअर कमाई वाढते, तुमची संपत्ती आपोआप वाढते. कर्ज काढून बायबॅक केला तर आणखी चांगले, अमेरिका अशीच मोठी झाली. बायबॅकच्या भावाला शेअर द्या, फुकटचा नफा. आणि कंपनी कर्ज काढते तर तुम्ही का भिता? शेअर तारण ठेवा, आणखी घ्या.”

मी हे इतके दिवस वाचून सोडून देत होतो. परवा शुक्रवारच्या बाजारात एक निवृत्त मास्तर भेटले, त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारले, “मुदतठेव मोडू काय हो? बँकेत कर्जाचे काम तुम्ही केलेय, तुम्हीच सांगा.” मी तीस वर्षे बँकेच्या कर्जविभागात होतो. मास्तरांना भाजीवालीसमोर उभ्याउभ्या जे सांगता आले नाही ते इथे नीट लिहितो.

“बायबॅक जाहीर झाला, तळ आला.”

जाहीर होते ती कमाल रक्कम आणि भाव. त्या भावाखाली शेअर जाणार नाही अशी हमी त्यात कुठेच नसते. डीएलएफ या बांधकाम कंपनीने जुलै २००८ मध्ये बायबॅक ठरवला, कमाल भाव ६०० रुपये. आदल्याच वर्षी लोकांना ५२५ रुपयांना शेअर दिलेली ही कंपनी, तेव्हा कित्येकांनी ६०० हा आकडा जमिनीसारखा धरला. मार्च २००९ मध्ये तोच शेअर २०० रुपयांच्याही खाली होता, आणि ठरवलेल्या रकमेचा लहानसा भागच प्रत्यक्ष खरेदीत गेला होता.

आतल्या माणसांना सगळे कळते, हेही पुरते खरे नाही. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने जानेवारी २००८ मध्ये लाभांश वाढवला आणि १० कोटी शेअरपर्यंत बायबॅकची मंजुरी घेतली. १५ सप्टेंबर २००८ रोजी ती दिवाळखोरीत गेली. व्यवस्थापनाला आपला कारखाना माहीत असतो, ऑर्डरी माहीत असतात. उद्या बाजारात पैसा मिळेल की नाही हे त्यालाही माहीत नसते. आणि पडझडीत प्रश्न नेमका तोच असतो.

एक गोष्ट मान्य करतो. बाजारातून हळूहळू शेअर उचलण्याची पद्धत सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, टप्प्याटप्प्याने आवरती घेतली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती बंद झाली. निविदा पद्धतीत, म्हणजे ठरल्या भावाला भागधारकांकडून अर्ज मागवून शेअर घेण्याच्या पद्धतीत, कंपनीने सांगितलेल्या भावाला सांगितलेले शेअर घ्यावेच लागतात. म्हणजे नुसती हवा करण्याला वाव कमी झाला. पण घेतले जाणारे शेअर मोजके असतात. उरलेल्यांचा भाव शेवटी बाजारच ठरवतो.

“शेअर कमी झाले की संपत्ती आपोआप वाढते.”

‘आपोआप’ या शब्दाने फार लोकांना फसवले आहे. मास्तरांनाही हे कागदावरच मांडून दाखवावे लागेल.

समजा कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा १०० कोटी, शेअर १० कोटी. प्रतिशेअर कमाई, म्हणजे नफा भागिले शेअर, १० रुपये. भाव २००. कंपनीकडे २०० कोटी ठेवीत आहेत, त्यावर ७ टक्के व्याज मिळते, म्हणजे १४ कोटी. कर सुमारे पाव भाग धरा, हाती राहतात साडेदहा कोटी. त्या २०० कोटींत कंपनीने १ कोटी शेअर परत घेतले. व्याज गेले, नफा ८९.५ कोटी झाला, शेअर उरले ९ कोटी. प्रतिशेअर कमाई ९ रुपये ९४ पैसे. वाढली नाहीच, सहा पैशांनी घटली.

आता तोच शेअर पडझडीत १०० रुपयांना आला असे धरा. त्याच २०० कोटींत २ कोटी शेअर मिळतात. ८९.५ भागिले ८, म्हणजे ११ रुपये १९ पैसे. इथे राहिलेल्या भागधारकांचा खरोखर फायदा झाला. म्हणून मी बायबॅकच्या विरोधात नाही. हाती स्वतःची रोकड आहे, डोक्यावर कर्ज नाही, शेअर स्वस्त आहे, तर परत घेणे हा पैशाचा चांगला वापर आहे. फायदा भावावर आणि पैसा कुठून आला यावर अवलंबून असतो, आणि निरोपात नेमक्या याच दोन गोष्टी गाळल्या आहेत.

पैसा कर्जाचा असेल तर? २०० कोटी ९ टक्क्यांनी घेतले, व्याज १८ कोटी, करसवलत वजा जाता साडेतेरा. नफा ८६.५ कोटी, शेअर ८ कोटी, कमाई १० रुपये ८१ पैसे. छान दिसते. पण आपण पडझडीबद्दल बोलतोय. धंदा मंदावून आधीचा १०० कोटींचा नफा ५० वर आला, तर कर्ज न काढलेल्या कंपनीची कमाई ५ रुपये राहते. कर्ज काढून बायबॅक केलेलीची साडेछत्तीस कोटी भागिले ८, म्हणजे ४ रुपये ५६ पैसे. चांगल्या दिवसांत ८१ पैसे वर, वाईट दिवसांत ४४ पैसे खाली. शिवाय २०० कोटींची मुद्दल तशीच उभी.

“कर्ज काढून बायबॅक केला तर आणखी चांगले.”

आधी कायदा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६८ प्रमाणे बायबॅक मुक्त राखीव निधीतून (साठवलेल्या, वाटता येण्याजोग्या नफ्यातून), शेअर प्रीमियमच्या खात्यातून (दर्शनी किमतीहून जास्त भावाने शेअर विकून आलेल्या रकमेतून) किंवा दुसऱ्या प्रकारचे शेअर काढून आलेल्या पैशातून करायचा असतो. संचालक मंडळाला भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या १० टक्क्यांपर्यंत अधिकार, भागधारकांच्या विशेष ठरावाने २५ टक्क्यांपर्यंत. बायबॅकनंतर कर्ज हे भांडवल व राखीव निधीच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. कलम ७० सांगते की ठेवी, डिबेंचर (कर्जरोखे) किंवा मुदतकर्जाची परतफेड थकवलेल्या कंपनीला बायबॅक करता येत नाही. कर्ज आणि बायबॅक यांची गाठ मारू नये म्हणून कायद्याने इतकी कुंपणे घातली, आणि निरोपवाला तीच गाठ मारायला सांगतो.

तरीही पळवाट राहते, आणि ती मी बँकेत बसून पाहिली आहे. राखीव निधी म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. गेल्या वीस वर्षांचा नफा यंत्रांत, जमिनीत, उधारीत अडकलेला असतो. ताळेबंदात मात्र तो राखीव म्हणून दिसतो. कंपनी असलेली रोकड बायबॅकला देते आणि चार महिन्यांनी खेळत्या भांडवलासाठी बँकेकडे येते. कागद बरोबर, नियम बरोबर, पण बायबॅकचा भार शेवटी कर्जावरच पडला.

आणखी एक दार बंद होते, त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. बायबॅकनंतर त्याच प्रकारचे नवे शेअर काढून भांडवल उभारायला कायद्याने सहा महिने मनाई आहे. २०२० मध्ये सेबीचे बंधन तर एक वर्षाचे होते. कोविडच्या तडाख्यात कंपन्यांना पैसा उभारता यावा म्हणून एप्रिल २०२० मध्ये सेबीला ते तात्पुरते सहा महिन्यांवर आणावे लागले. म्हणजे ऐन अडचणीत भागधारकांकडे जायची वाट कंपनीने स्वतःच अडवलेली असते. उरतो तो सावकार.

अमेरिकेचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पूर्ण द्यावे. विमाने बनवणाऱ्या बोइंगने २०१३ ते २०१९ च्या सुरुवातीपर्यंत ४३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बायबॅकवर घातली. मग तिच्या एका जातीच्या विमानांना उड्डाणाची बंदी झाली, पाठोपाठ कोविड आला, आणि मार्च २०२० मध्ये कंपनीने मंजूर असलेले सुमारे १३.८ अब्ज डॉलरचे कर्ज एका दमात उचलले. एप्रिलअखेर आणखी २५ अब्जांचे रोखे काढले. अमेरिकन एअरलाइन्सने २०१४ पासून बायबॅकवर १२ अब्जांहून जास्त घातले होते, ती सरकारच्या दारात मदतीसाठी उभी राहिली. २७ मार्च २०२० रोजी तिथे जो मदतीचा कायदा झाला त्यात विमान कंपन्यांना पैसे देताना बायबॅकवर बंदी घातली गेली. अमेरिका याने मोठी झाली म्हणणाऱ्यांनी ती अट का घालावी लागली हे सांगावे.

पण आपल्याला बोइंगपर्यंत जायची गरज तरी काय? आपण गोंयकार आहोत. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या घरांसमोर ट्रक रांगेने उभे राहिले. मांडवी-झुवारीतले खनिज वाहणारे बार्ज नांगर टाकून बसले. त्यातले बहुतेक कर्जावर घेतलेले. खनिजाचा भाव चढा होता तेव्हा एका ट्रकाचे दोन, दोनाचे चार झाले, आणि कोणाला त्यात चूक दिसली नाही, कारण हप्ता फिटत होता. माझ्या टेबलासमोर बसून एक ट्रकमालक म्हणाला होता, “साहेब, ट्रक थांबला, हप्ता कसो थांबना?” त्याला उत्तर देता आले नाही. सरकारला शेवटी खाणग्रस्त कर्जदारांसाठी सवलतीची योजना आणावी लागली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले तेव्हा ट्रक पुन्हा थांबले. ज्यांनी हे अंगणात पाहिले आहे त्यांनी ‘कर्ज काढून आणखी चांगले’ हे वाक्य पुढे पाठवू नये, असे मला मनापासून वाटते.

“बायबॅकच्या भावाला शेअर द्या, फुकटचा नफा.”

सगळे शेअर घेतले जातीलच असे नसते. रेकॉर्ड तारखेला, म्हणजे पात्र भागधारक ठरवण्यासाठी कंपनीने नेमलेल्या दिवशी, ज्यांच्याकडे २ लाख रुपयांपर्यंतचे शेअर आहेत अशा लहान भागधारकांसाठी १५ टक्के राखीव असतात, पण अर्ज जास्त आले की प्रमाणात वाटप होते. उरलेले शेअर घेऊन तुम्ही बाजारात. शिवाय कर. १ ऑक्टोबर २०२४ पासून काही काळ बायबॅकची सगळी रक्कम लाभांश धरून भागधारकाच्या उत्पन्नात मोजली जात होती. त्याआधी कर कंपनी भरत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये इन्फोसिसने १,८०० रुपये भावाने १८,००० कोटींचा बायबॅक जाहीर केला आणि प्रवर्तकांनीच, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मूळ मालकांनीच, त्यात भाग घेतला नाही. कराचे नियम अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा अर्ज भरताना चालू नियमच पाहावा.

“शेअर तारण ठेवा, आणखी घ्या.”

हे वाक्य वाचून मला राग येतो.

माझ्या धाकट्या भावाने २०१९ च्या अखेरीस हेच केले. १० लाखांचे शेअर तारण, त्यावर ५ लाख कर्ज, त्या पाचाचे आणखी शेअर. तेव्हा शेअरवर निम्म्यापर्यंत कर्ज मिळत असे, हा हिशेब त्याला सुरक्षित वाटला. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३०० च्या वर होता. जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी २३ मार्चला, तो ७,६१० वर बंद झाला. सेन्सेक्स त्या एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला. तारणातले १० लाखांचे शेअर साडेसहा लाखांवर आले की त्यावर सव्वातीन लाखच कर्ज चालते. उरलेले पावणेदोन लाख तातडीने भरा, नाहीतर शेअर विकू, असा निरोप आला. दुकान बंद, रस्त्यावर पोलीस, हाती रोकड नाही. धनकोने शेअर विकले, त्या आठवड्याच्या भावाला. वर्ष संपायच्या आत निफ्टी जुन्या उंचीच्या पुढे गेला. भावाचे मत बरोबर ठरले, पण तोवर त्याच्याकडे शेअरच उरले नव्हते.

मोठ्यांचेही असेच होते. जानेवारी २०१९ मध्ये झी एंटरटेनमेंटचा शेअर एका दिवसात चौथ्या हिश्शाहून अधिक पडला, आणि प्रवर्तकांचे तारण ठेवलेले शेअर धनको विकतील या भीतीने सगळा समूह हादरला. प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत हे कंपनीला दर तिमाहीत शेअर बाजाराला कळवावे लागते. बायबॅकची बातमी वाचण्याआधी मी तो तक्ता उघडतो.

मास्तरांनी मुदतठेव अजून मोडलेली नाही. ज्या कंपनीचा बायबॅक त्यांच्या मनात भरला होता तिचा वार्षिक अहवाल रविवारी आमच्या सोप्यावर बसून दोघांनी वाचला. बारा महिन्यांत फेडायचे कर्ज हाती असलेल्या रोकडीच्या दुपटीहून जास्त होते. मास्तरांनी त्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारले, “मग हे बायबॅकला पैसे आणणार कुठून?” तो प्रश्न त्यांनी आता कंपनीला पत्राने विचारला आहे.